चार ते सहा लाइन बंद

"आत्या, चार वाजता काय होतं?" स्टुलावर चढून राउटरच्या वायरी तपासत मी विचारलं.

"चार वाजता? चहा होतो," खाली स्टूल धरून उभ्या असलेल्या सासूबाई म्हणाल्या.

"तसं नाही हो. रोज बरोबर चारला ह्या घरातली सगळी यंत्रं ऑफलाइन जातात. कॅमेरा, स्पीकर, टीव्ही, दारावरची बेल. सहा वाजता परत जागी होतात. रविवारीसुद्धा."

"लाइट जात असेल. बार्शी आहे ही, पुणे नाही."

"समोरच्या गिरणीत चार ते सहा दळण चालू असतं. मी विचारून आलेय."

"मग गिरणीवाल्याची लाइट वेगळी असेल," आत्या अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाल्या. "तू आधी खाली उतर बघू. पडलीस तर तुझ्यावर पण कॅमेरा बसवावा लागेल."

ह्या गोष्टीला आता सात-आठ वर्षं झाली. तेव्हा मी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर होते. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि त्याबद्दल पगार घ्यायचा. हा गुण घरात कुणालाही आवडत नसे, पण त्या वेळी नवऱ्यानं तो मुद्दाम वापरायला काढला होता. "तृप्ती, तूच जा आणि चार ते सहाची भानगड काय आहे ते शोधून काढ," राजशेखर म्हणाला होता.

कारण तसं खरं होतं. फेब्रुवारीत आत्या न्हाणीघरात घसरल्या आणि मनगट मोडून घेतलं. बहात्तरीच्या उंबरठ्यावरची बाई, घरात एकटी. राजशेखर धास्तावला. मग मीच पंधरा दिवस अभ्यास करून यंत्रं निवडली. हॉलमध्ये कॅमेरा, कपाटावर बोलणारा स्पीकर, दारावर बघणारी बेल, न्हाणीघरात आपोआप लागणारा दिवा. सगळं आमच्या मोबाइलवर दिसणार, ऐकू येणार. राजशेखरनं आईला एकच अट घातली. ही यंत्रं चोवीस तास चालू राहिली तर बार्शीत राहा. नाही राहिली, तर दिवाळीच्या आधी पुण्याला आमच्या अकराव्या मजल्यावर.

अकराव्या मजल्यावर आत्या एकदा आठ दिवस राहून गेल्या होत्या. आम्ही दोघं नोकरीवर. त्या आठ दिवसांत त्यांना लिफ्टमनशिवाय बोलायला माणूस मिळालं नाही आणि तोही बिचारा सारखा वर-खाली जायचा. परत येताना त्यांनी मला एवढंच सांगितलं होतं, "मला बार्शीतून हलवू नका गं. बाकी काय म्हणाल ते ऐकते."

आणि आता तेही ऐकत नव्हत्या. मी शुक्रवारी आले होते, राजशेखर रविवारी गाडी घेऊन येणार होता. तोवर भानगड मिटली नाही तर येताना दोघं आलो ते जाताना तिघं जाणार, हे ठरलेलं होतं.

त्या दुपारी मी तोंडावर चादर ओढून झोपेचं सोंग घेतलं. चादरीला एक भोक होतं, ते मी आधीच हेरून ठेवलं होतं.

चारला पाच मिनिटं कमी असताना आत्या उठल्या. काय सांगू, काय हात चालत होते त्या बाईचे! मोडलेल्या मनगटासकट. टीव्हीची पिन काढली. बेलची काढली. राउटरची काढली. प्रत्येक वायरीला वेगळ्या रंगाचा दोरा बांधलेला, त्यामुळे बघायचीसुद्धा गरज नाही. मग कॅमेऱ्याच्या डोक्यावर लोकरीचं विणलेलं टोपरं चढवलं. अगदी मापाचं होतं ते, हनुवटीखाली बांधायला नाड्यासुद्धा. शेवटी स्पीकर जुन्या लुगड्यात गुंडाळला आणि लोणच्याच्या बरण्यांमागं ठेवून कपाटाला कडी घातली.

गिरिजा कथले ही बाई तेहतीस वर्षं बार्शीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. गावात येणारा आणि गावाबाहेर जाणारा प्रत्येक ट्रंक कॉल कधी ना कधी त्यांच्या हातानं जोडला गेलेला. पिना खोचण्यात आणि काढण्यात त्यांचा हात कोण धरणार?

"आत्या!" मी ताडकन उठून बसले.

दुसरं कुणी असतं तर दचकलं असतं. त्या म्हणाल्या, "झाली का झोप? बरं झालं. मोबाइल दे तुझा."

दाराशी तांदळाचा स्टीलचा मोठा डबा होता. तांदूळ नव्हते त्यात. त्यांनी माझा मोबाइल त्यात टाकून झाकण लावलं, तेवढ्यात शेजारच्या रुक्साना भाभी आल्या. त्या शिवणकाम करत. आल्या त्या चपला काढल्या, डब्याचं झाकण उघडलं, आपला मोबाइल आत टाकला आणि झाकण लावलं. देवळात जाताना माणूस पाय धुतो इतक्या सवयीनं.

मला बघून त्या थबकल्या. "अक्का, सूनबाई आली का? मी उद्या येऊ?"

"ये ये. ती मागच्या अंगणात तूर निवडायला चाललीय."

मला हे नवीनच कळलं. हातात सूप आलं आणि मागून दार लागलं. लिंबाच्या झाडाखाली बसून मी तासभर तूर निवडली. आतून काहीही ऐकू येत नव्हतं. तसा मी प्रयत्न केला, खोटं कशाला बोलू. भाभी बाहेर पडल्या तेव्हा डोळे पुसलेले होते, पण चालणं हलकं होतं.

"काय म्हणत होत्या भाभी?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"तूर निवडून झाली?" आत्या म्हणाल्या.

नंतर अजून एक बाई येऊन गेल्या. साडेपाचपासून मात्र आत्या सारख्या दाराकडे बघत होत्या. कुणाची वाट बघता म्हटलं तर कुणाची नाही म्हणाल्या. सहा वाजले. पुन्हा पिना खोचल्या गेल्या, टोपरं उतरलं, स्पीकर लोणच्याच्या वासासकट कपाटावर आला.

मी चिडले होते. "आत्या, हे असंच चाललं तर रविवारी राजशेखर तुम्हाला घेऊन जाईल. कळतंय ना?"

"कळतंय की."

"मग?"

"मग काय? रविवार परवा आहे." आणि त्या भाकरीचं पीठ मळायला बसल्या. पण त्यांचे हात मघासारखे चालत नव्हते. एकच गोळा त्या कितीतरी वेळ मळत राहिल्या.

शनिवारी सकाळी मी तडजोड काढली. मला तडजोडी सुचतात आणि त्या फार हुशारीच्या आहेत असंही वाटतं. स्पीकर पुढ्यात ठेवून म्हटलं, "हे बघा. पिना काढायच्या नाहीत, नुसतं हे बटण दाबायचं. मग तो ऐकत नाही."

"कशावरून?"

"लाल दिवा लागतो ना."

"दिवा कोण लावतं?"

"तोच लावतो."

"म्हणजे मी ऐकत नाही, असं त्यानंच सांगायचं." आत्या माझ्याकडे कीव आल्यासारखं बघायला लागल्या. "आमच्या बोर्डावर पण की असायची, खटक्यासारखी. वर केली की दोघांचं बोलणं कानात. मी मान खाली घालून स्वेटर विणत बसायची. सुपरवायझरला वाटायचं, गिरिजाबाई भारी सरळ, ऐकत नाहीत."

"म्हणजे तुम्ही ऐकायचात?" मला आनंदच झाला. चूक सापडली होती.

"ऐकावंच लागायचं बाई. लाइन लागली का, आवाज पोचतो का, तीन मिनिटं झाली का."

"मग हा बिचारा तेच करतो!"

"मी ऐकलेलं कुणाला सांगितलं का?" त्यांचा आवाज एकदम खाली आला. "कामावर घेताना कागदावर सही घेतली होती, ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही म्हणून. एक्स्चेंज मोडलं, बोर्ड भंगारात गेला, पण सही माझीच आहे ना? कुणाचं लग्न का मोडलं, कुणाला कुठल्या डॉक्टरनं काय सांगितलं, सगळं पोटात आहे. गावाला ते माहीत आहे. म्हणून लोक येतात. ज्यांना घरात बोलता येत नाही ते चार ते सहा इथं बोलतात. मी काही सल्लाबिल्ला देत नाही. नुसती ऐकते. आता ह्या डब्याच्या पोटात राहतं का, ते सांग तू. तुझं शिक्षण आहे त्यातलं."

माझं शिक्षण होतं त्यातलं. नाही राहत, हे मला चांगलं माहीत होतं. ते कुठल्या तरी कंपनीकडे जातं, तिथून आणखी कुठं जातं हे आमच्यासारख्यांनाही नीट सांगता येत नाही.

"जूनपर्यंत मीही बंद करत नव्हते," आत्या म्हणाल्या. "म्हटलं, राजूच्या जिवाला बरं वाटतंय तर राहू दे. मग वाघमोडे सर आले. पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेला माणूस. इथं ह्या खुर्चीवर बसून रडले. का ते विचारू नको. चौथ्या दिवशी सरांच्या मुलाचा त्यांना फोन. बाबा, तुम्ही लोकांच्या घरी जाऊन रडता का? झालं. तेव्हापासून ते ह्या गल्लीत पाऊल टाकत नाहीत. साडेपाच वाजले की मी अजून दाराकडे बघते. सरांचा मुलगा राजूचा मित्र. राजूनं व्हिडिओ बघितला आणि त्याला काळजीनं कळवलं. चांगल्या मनानंच केलं त्यानं."

तो व्हिडिओ आधी मी पाहिला होता. ऑफिसात जेवायच्या सुट्टीत डबा उघडायचा आणि मोबाइल डब्याला टेकवून आत्यांचा हॉल बघायचा, ही माझी रोजची मालिका झाली होती. कोण आलं, कोण गेलं, भाभींनी आज कुठली साडी नेसली. सर रडताना दिसले तेव्हा मी चपाती हातात तशीच धरून शेवटपर्यंत बघितलं होतं. संध्याकाळी राजशेखरला दाखवलंही होतं, "बघ ना, कसले रडतायत सर."

"आत्या," मी म्हटलं, "तो व्हिडिओ आधी राजशेखरनं नाही हो बघितला. मी."

"माहीत आहे."

"कसं?"

"राजूला दुपारी वेळ कुठला?" त्या म्हणाल्या, आणि माझ्यासमोर चहाचा कप सरकवला. मला तो पिववला नाही. इतकी लाज मला आयुष्यात क्वचित वाटली असेल.

शनिवारची सगळी दुपार मी चुका दुरुस्त करण्यात घालवली. मोबाइलमधले चार महिन्यांचे व्हिडिओ आणि आवाज काढून टाकले, एकही न उघडता. कंपनीकडे साठलेलंही पुसायची सोय आत कुठंतरी खोल दडवलेली असते, ती शोधली. प्रत्येक यंत्राच्या पोटातून घराच्या वायफायचा पासवर्ड पुसला. स्पीकर आणि टीव्हीचे कान बंद केले, बेलचा डोळा काढला. न्हाणीघरातला दिवा तेवढा ठेवला, कारण त्याला लागायला इंटरनेट लागत नाही आणि तो कुणाला काही सांगत नाही. मग वायरमनला बोलावून न्हाणीघरापासून रुक्साना भाभींच्या स्वयंपाकघरापर्यंत साधी घंटा ओढून घेतली. बटण दाबलं की भाभींकडे खणखणाट.

"फेब्रुवारीत मीच बघितलं ना अक्कांना," भाभी वायरमनला सांगत होत्या. "चारला आले, तर आवाज नाही. मागून घुसले."

हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. आम्ही विचारलंही नव्हतं.

रविवारी अकराच्या सुमाराला राजशेखर आला. येताना वाटेतच त्यानं मोबाइल बघितला होता, आणि त्यात आता आईचं घरच उरलं नव्हतं. दारातूनच म्हणाला, "तृप्ती, तुला जोडायला पाठवलं होतं, तोडायला नाही."

मी घंटा दाखवली, दिवा दाखवला, समजावून बघितलं. तो बूटसुद्धा न काढता खुर्चीवर बसला. "घंटेचं बटण दाबायला माणूस शुद्धीवर पाहिजे. आई, बास झालं. बॅग भर. मागची सीट मी रिकामी करून आणलीय."

आत्यांनी घरभर एकदा नजर फिरवली, आणि मला पहिल्यांदाच त्या म्हाताऱ्या वाटल्या.

"मला एक कळत नाही," राजशेखरचा आवाज जरा उतरला. "तुला एवढं लपवायचंय तरी काय? आम्हीच बघणार ना? पोटचा पोरगा मी तुझा."

"माझं काय असणार रे? लोकांचं आहे."

"लोकांचं तू कशाला सांभाळायचं?"

"त्यात तुझंही आहे," आत्या म्हणाल्या.

राजशेखर हसला. "माझं? सांग की मग."

"तृप्तीसमोर? कॉल तुझा आहे. तू म्हणशील तरच सांगेन."

"सांग, सांग. तिच्यापासून माझं काही लपलेलं नाही." सगळे नवरे म्हणतात तसं तोही म्हणाला.

आत्यांनी पदर सारखा केला. "सत्त्याऐंशी साल. जुलै महिना. सोलापूरहून बार्शीला ट्रंक कॉल. ढग्यांच्या भुसार दुकानाचा नंबर. बंडू ढगेला बोलवा."

राजशेखरचं हसू जागच्या जागी थांबलं. मग तो हळूच म्हणाला, "तुझी त्या दिवशी सकाळची ड्यूटी होती. मी तक्ता बघून ठेवला होता. म्हणून मुद्दाम दुपारी लावला."

"लोंढेबाईंच्या मुलीला ताप आला. मी त्यांची दुपार घेतली."

"ती ऑपरेटर... सर्दी झाल्यासारखी बोलत होती."

"पदर धरला होता तोंडावर."

मला काहीच कळेना. राजशेखर माझ्याकडे वळला, पण बघत होता जमिनीकडे. "पहिल्या वर्षाला नापास झालो होतो इंजिनिअरिंगला. मित्राला, ह्या बंड्याला, सांगत होतो की घरी तोंड दाखवणार नाही." तो थांबला. "हॉस्टेलच्या मागं रेल्वेचे रूळ होते. त्यांच्याबद्दलही बोललो होतो."

लग्नाला बावीस वर्षं झाली होती आमच्या. ह्यातलं अक्षर मला माहीत नव्हतं.

"आणि दुसऱ्या दिवशी तू आलीस," तो आईला म्हणाला. "ऑफिसचं ट्रेनिंग आहे म्हणालीस. मावशीकडे उतरलीस, मलाही तिकडंच राहायला नेलंस. चार दिवस. रोज संध्याकाळी फिरायला काढायचीस. धपाटे करायचीस."

"कसलं ट्रेनिंग रे? पिना खोचायचं?" आत्या म्हणाल्या. "रजा टाकली होती. तीस वर्षांत एकदा तरी विचारायचंस, ऑपरेटरला चार दिवस काय शिकवत होते म्हणून."

राजशेखरनं हसायचा प्रयत्न केला, पण तो जमला नाही.

"तू बाबांना नाही सांगितलंस?"

"कॉल तुझा होता."

"बाबा गेले तरी नाही?"

"कॉल तुझाच होता की तरी." आत्या आता त्याच्याकडे न बघता खिडकीतून बाहेर बघत बोलत होत्या. "तेहतीस वर्षांत मी नियम एकदाच मोडला. तीन मिनिटं झाली की मध्ये बोलायचं असतं, वेळ झाली म्हणून. सोलापूरची बाई तोडायला निघालीच होती. तिला म्हटलं, राहू दे, ही लाइन माझ्या अंगावर. अकरा मिनिटं बोलत होतास तू. तीनला मध्ये बोलले असते तर तू फोन ठेवला असतास. आणि कुणीतरी ऐकतंय हे कळलं असतं, तर आधी बोललाच नसतास. मग मी आले कशी असते सोलापूरला?"

राजशेखर उठला. बूट काढून दाराबाहेर ठेवले, आईच्या पायाशी जमिनीवर बसला आणि मांडीवर डोकं टेकवलं. एकोणपन्नास वर्षांचा माणूस, डोक्यावर केस मोजके. आत्यांनी प्लास्टर निघालेल्या हातानं ते मोजके केस सारखे केले. "उठ आता," त्या म्हणाल्या, "वरणाला फोडणी घालायचीय."

जेवणं झाल्यावर त्यानं स्वतः स्टूल ओढून कॅमेरा काढला. भिंतीला पडलेली दोन भोकं चुन्यानं बुजवली. वाघमोडे सरांच्या घरी जाऊन आला. तिथं काय बोलला ते त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. माझ्यासाठी ही केवढी प्रगती होती, हे मला ओळखणाऱ्यांना कळेल.

संध्याकाळी आम्ही दोघंच पुण्याला निघालो. आत्यांसाठी रिकाम्या केलेल्या मागच्या सीटवर यंत्रांचं खोकं होतं. कुर्डुवाडी गेलं, टेंभुर्णी आली. मग राजशेखर एकदम म्हणाला, "त्या चार दिवसांत आईनं मला एकदाही विचारलं नाही गं, निकाल काय लागला म्हणून."